पाटीवर कोगुरे तामोत्सु

बसमधून उतरल्यावर इकुएनं नेहमीची वाट सोडली ती निव्वळ वाऱ्यामुळे. माएबाशीत हिवाळ्यात आकागी डोंगरावरून वारा सुटला की तो माणसाला सरळ चालू देत नाही. कोबीची पिशवी फडफडायला लागली, डोळ्यांत धूळ गेली, तेव्हा ती आडोशाच्या गल्लीत शिरली. तिथं एका जुन्या दुमजली घराला परांची बांधलेली होती, परांचीला निळी जाळी, आणि जाळीला तारेनं आवळलेली एक पांढरी पाटी. विजेचं काम चाललेल्या जागी अशी पाटी लावावीच लागते. नवऱ्याच्या जन्मभराच्या धंद्यामुळे इकुएची नजर अशा पाट्यांवरून आपोआप फिरायची, शिंप्याच्या बायकोची लोकांच्या शिवणीवरून फिरावी तशी. कंपनीचं नाव, नोंदणी क्रमांक, आणि त्याखाली, जबाबदार वीजतंत्री: कोगुरे तामोत्सु. आधी तिला बरंच वाटलं. तिच्या मनात आलं, अगंबाई, आज इथं काम आहे होय ह्यांचं, डबा नेला की नाही कोण जाणे. मग तिला आठवलं. कोगुरे तामोत्सु हा तिचा नवरा, आणि तो जाऊन वर्ष उलटून गेलं होतं.

ती तशीच उभी राहिली. छपरावर सौर विजेच्या काळ्या चकचकीत तावदानांशी दोघं-तिघं जण खटपट करत होते. त्यातला एक मोठ्यानं हसला, काहीतरी धातूचं घरंगळत येऊन परांचीत अडकलं, आणि कुणीतरी ओरडलं, "ए, खालच्याचं डोकं फुटेल ना!" तामोत्सुनं हे हसू खपवून घेतलं नसतं. छपरावर असताना हसायचं नाही, शीळ घालायची नाही, बायकोची आठवण काढायची नाही, असं तो शिकाऊंना सांगायचा. शेवटचं सांगताना स्वतःच लाजायचा. कोगुरे आडनावाची माणसं या भागात पैशाला पासरी आहेत, इकुए स्वतःशी म्हणाली, त्यात एखादा तामोत्सु असायचाच. असेल कुणी दुसरा. पण कंपनी तीच होती. याच कंपनीत त्यानं तारुण्य घातलं, म्हातारपण घातलं आणि शेवटी फुप्फुसंही घातली. तिनं पिशवी छातीशी धरली आणि घराकडे निघाली, आणि अर्ध्या वाटेत तिच्या लक्षात आलं की आपण पळतोय. या वयात, भर रस्त्यात, कोबी घेऊन.

घरी येऊन तिनं चुलीवर पाणी ठेवलं आणि ते आटून गेलं तरी ती बसूनच होती. समोर फोटो, फोटोपुढे उदबत्तीची राख. एकोणपन्नासाव्या दिवसाचा विधी झाला त्या दुपारची आठवण तिला नको होती, पण आठवण काय विचारून येते? त्या दिवशी गेलेल्या माणसाच्या वस्तू त्याच्या जवळच्यांना वाटून द्यायच्या असतात. घड्याळ भाच्याला, मासे पकडायचा गळ शेजाऱ्याला, लोकरी टोपी तिनं स्वतःला ठेवली. आणि धाकटा कारासावा आला होता. थोरले मालक, त्याचे वडील, केव्हाच गेले. कंपनी आता ह्याच्या हातात. काळ्या कोटातला तो लठ्ठ माणूस चटईवर कपाळ टेकून बराच वेळ वर उठेना. मग म्हणाला, "वहिनी, मला घड्याळ नको, हत्यारं नकोत. दादांचा परवाना तेवढा द्या. ऑफिसात भिंतीवर लावतो. पोरांना कळू दे, माणूस कसा असतो ते." इकुएला रडूच फुटलं. चांदीच्या साखळीवर डोळा ठेवणारे नातेवाईक तिनं त्या आठवड्यात पोटभर पाहिले होते, आणि हा माणूस मागतोय काय, तर कडा झिजलेला, घामानं पिवळा पडलेला एक एवढासा परवाना. त्यावर तामोत्सुचा पंचविशीच्या आतला फोटो, कान असे बाहेर आलेले की वाऱ्यानं उडेल. या परवान्याला मुदत नसते. एकदा मिळाला की जन्मभराचा. कामावर असताना तो खिशात असावाच लागतो, म्हणून लग्नाच्या पहिल्या दिवसापासून इकुए धुवायला टाकण्याआधी त्याच्या सदऱ्याचा वरचा खिसा चाचपून बघत आली होती. तिनं तो रेशमी रुमालात गुंडाळून, दोन्ही हातांनी, वाकून कारासावाला दिला. वर त्याचेच आभार मानले. कुठून ती बुद्धी झाली!

परवानेवाला माणूस नसेल तर कंपनीला विजेचं काम करता येत नाही, हे इकुएला माहीत नव्हतं थोडंच? वीजवाल्याच्या बायकोला ते माहीत असतंच. पण माहीत असणं एका खोलीत राहतं आणि नवरा मेल्याचं दुःख दुसऱ्या खोलीत, मधलं दार त्या दिवशी बंद होतं. आता ते उघडलं आणि एवढा गार वारा आत आला की तिचे हातपाय थंड पडले. तामोत्सु मेला, पण तो मेला हे कंपनीनं कुणाला कळवलंच नाही. कागदोपत्री तो अजून रोज सकाळी डबा घेऊन निघतो. शहरातल्या कुठल्या कुठल्या छपरांवर त्याच्या नावानं कुणी हसणारी पोरं वायरी जोडताहेत, आणि रात्री तिथली माणसं त्याच्या नावाच्या भरवशावर झोपताहेत.

आणि तो तर जन्माचा भित्रा माणूस होता. हे बाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. जेवता जेवता त्याचे हात थांबायचे. "तो स्क्रू," तो म्हणायचा, "आवळला मी?" इकुए म्हणायची, "आवळला असेल हो, भात गार होतोय." तो दोन घास घ्यायचा, पुन्हा थांबायचा, आणि मग सायकल काढायचा. तिकडे जाऊन लोकांना संध्याकाळी दार उघडायला लावायचा, वाकवाकून माफी मागायचा, स्क्रू बघायचा. आवळलेलाच असायचा. नेहमीच. एकदाही सैल निघाला नाही, आणि म्हणून त्याची भीती कधी कमी झाली नाही. इकुए एकदा चिडून म्हणाली होती, "एकदाचा सैल निघू दे, म्हणजे जिवाला शांती मिळेल तुमच्या." त्यावर त्यानं तिच्याकडे असं पाहिलं की तिनं पुन्हा तो विषय काढला नाही. त्यानं वायरिंग केलेलं एक घर मात्र खरंच जळलं होतं. उंदरांनी वायर कुरतडली होती, तपासणीत तसं निघालं, कुणी त्याच्याकडे बोट दाखवलं नाही. पण तो त्या राखेपुढे जाऊन उभा राहायचा, टोपी काढून. अशाच वाऱ्याचे दिवस होते. त्या घरातली म्हातारी वाचली होती, तिनंच शेवटी त्याला सांगितलं, "बाबा रे, तू नको येत जाऊस आता, तुला बघून मलाच रडू येतं." हा माणूस. ह्याचं नाव. इकुएनं फोटोकडे पाहिलं आणि पटकन मान फिरवली, जणू तो आत्ता विचारणार होता, आवळला का?

दुसऱ्या दिवशी तिनं कंपनीत फोन केला. बोट दोनदा चुकलं. "अहो वहिनी!" धाकटा कारासावा एवढ्या आनंदानं ओरडला की तिलाच कानकोंडं झालं. "किती दिवसांनी! तब्येत काय म्हणते? थंडी नुसती मी म्हणतेय, नाही?" तिनं पाटीचं सांगितलं. तो हसला. "जुनी पाटी असेल हो. आमची पोरं धांदरट, हाताला लागेल ती उचलतात." इकुए म्हणाली, "नवी होती. तुमचं नवं चिन्ह होतं वरती, सूर्याचं." मग त्याचा आवाज खाली आला, जवळ आला, अगदी कानाशी बसल्यासारखा. "खरं सांगू वहिनी? परवानेवाला माणूस मिळत नाही. जाहिराती देऊन थकलो. म्हातारे निवृत्त झाले, तरुणांना परीक्षा नको. मिळाला की पहिलं काम, पाटी बदलतो. तोवर दादांच्या आशीर्वादावर चाललंय." ती म्हणाली, "पण छपरावर जोडणी कोण करतं?" "करतात की पोरं! त्यात काय आहे एवढं?" आणि मग, खूप मायेनं, "एक बोलू का, राग मानू नका. परवाना तुम्ही आपल्या हातानं दिलात. उद्या चौकशी लागली तर पहिला प्रश्न तुम्हालाच येणार. दादांचं नाव पेपरात छापून येणार. मला नाही हो बघवणार ते. झाकली मूठ सव्वा लाखाची. काय?" इकुए म्हणाली, "हो." असं का म्हणाली ते तिलाही कळलं नाही. समोरचा गोड बोलतोय तर आपण आवाज चढवायचा कसा, ही एक खोड तिच्या पिढीच्या बायकांना आहे, आणि ती त्यांना एक दिवस खड्ड्यात घालणार आहे. संध्याकाळी कंपनीकडून स्ट्रॉबेरीची पेटी आली, कापसात बसवलेली एकेक. ती खाववेना आणि टाकवेना. तिनं ती फोटोपुढे ठेवली आणि तिथंच ती सडली.

त्यानंतर इकुएचं सगळं उलटंपालटं झालं. माणसं काळोखाला भितात, तिला उन्हाची भीती वाटायला लागली. माएबाशीतला हिवाळा म्हणजे निळंभोर आकाश, कोरडी हवा, सकाळपासून लख्ख ऊन. बायका गाद्या बाहेर टाकतात आणि म्हणतात, काय सुरेख दिवस आहे. आणि इकुए खिडकीशी उभी राहून विचार करायची, आता तापलं असेल छप्पर, आता वीज धावत असेल वायरींतून, आता कुठल्या तरी सैल सांध्यापाशी ठिणगी चुरचुरत असेल. ढग आले की तिला घास जायचा. आगीच्या बंबाचा आवाज आला की ती हातातलं काम टाकून बाहेर यायची आणि धूर कुठून येतो ते बघायची. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, हिच्या मनात उन्हं! बसमधून जाताना ती छपरंच बघायची. अशी किती काळी तावदानं झाली होती या शहरात, कधी झाली, कुणी केली? सगळी काही त्या कंपनीची नसतील. पण प्रत्येक काळ्या छपराखाली तिला तोच दिसायचा, बाहेर आलेल्या कानांचा, पंचविशीच्या आतला, घाबरलेला. कुणाला सांगावं असं वाटायचं, आणि मग पेपरात छापलेलं नाव दिसायचं, आणि शेजारणी दिसायच्या, तोंडावर रुमाल धरून कुजबुजणाऱ्या. कोगुरेंची बायको हो ती. मेल्या नवऱ्याचा परवाना विकला तिनं. विकला नाही हो, दिला. तेच ते.

त्या गल्लीत पुन्हा जायचं नाही असं तिनं ठरवलं होतं, आणि म्हणूनच एका सकाळी तिचे पाय तिला तिकडे घेऊन गेले. परांची उतरली होती, पाटी गेली होती. घर होतं, आणि घरावर ती काळी तावदानं ऊन पीत बसली होती. दारात एक वाकलेली म्हातारी पानं झाडत होती. तिनं वर पाहिलं आणि खुदकन हसली. "छप्पर बघताय? बघा, बघा. सगळे बघतात. मी मोतेगी. तुम्हाला पण बसवायचंय का?" इकुए काही बोलायच्या आत म्हातारीनं झाडू भिंतीला टेकवला. "माझं नमुना घर आहे. गल्लीत पहिलं माझंच, म्हणून मला स्वस्तात. कुणाला बोलू नका आजी, म्हणाले कंपनीवाले. आणि मी बाई सगळ्यांना सांगत सुटलेय! सेंदाईला मुलगा असतो, तो फोनवर असा खेकसला. आई, कुणीही दारात येतो आणि तू सही देतेस, मोड तो करार, कायद्यानं आठ दिवस असतात. मी विचारलं की कोगुरेंना. ते म्हणाले, आजी, परांची बांधली की ते आठ दिवस संपले. असेल ना खरं? परवानेवाला माणूस खोटं कशाला बोलेल?"

"कोण म्हणाले?" इकुएनं विचारलं.

"कोगुरे! मुख्य वीजवाले. पाटीवर नाव होतं बघा त्यांचं. कसला गोड माणूस हो. माझी एवढी विचारपूस पोटच्या पोरानं नाही केली. काल आले होते, आज पण येणार आहेत, बॅटरीचं बोलायला. वाऱ्यात काय उभ्या राहिलात? आत या, चहा टाकते, तुमचीही ओळख करून देते."

आत जाऊ नये हे इकुएला कळत होतं. तिनं चपला काढल्या, टाचा जुळवून नीट लावल्या, आणि आत गेली. आत वास होता. आधी तिला वाटलं, म्हातारीनं मासा करपवला असेल. पण वास स्वयंपाकघराकडून नव्हता, न्हाणीघराच्या बोळातून होता, आणि तिथं भिंतीवर पांढरी पेटी गुणगुणत होती, छपरावरची वीज घरच्या विजेत बदलणारी. पेटीच्या वरच्या अंगाला भिंतीचा कागद चहा सांडल्यासारखा तपकिरी झाला होता. "नव्या वस्तूला वास येतोच म्हणाले," मोतेगीआजी मागून म्हणाल्या. "मी खिडकी उघडी ठेवते. जाईल हळूहळू." इकुएनं हाताची मागची बाजू भिंतीला लावली. तामोत्सु तशीच लावायचा, तळवा कधी नाही. चटका बसून तिनं हात झटकन मागे घेतला. "आजी, हे बंद करा." "बंद? छे! कोगुरेंनी सांगितलंय, हात म्हणून लावायचा नाही." "आजी, मी..." इकुए म्हणाली. "कळलं, कळलं, तुम्हाला साखरेचं चालत नसेल," असं म्हणत म्हातारी चहाकडे गेलीसुद्धा.

आता सांगायला हवं होतं. एवढंच की, आजी, तो माणूस मेलाय. चार शब्दांचं काम. इकुए चटईवर बसली, हात गुडघ्यांवर, आणि ते शब्द जुळवायला लागली, आणि तिला समजलं की हे वाक्य तिनं आजवर कधी कुणाला म्हटलेलंच नाही. गेले, म्हटलं होतं. नाहीत आता, म्हटलं होतं. देवाघरी, वर, तिकडे, असं सगळं म्हटलं होतं. आणि भीतीच्या खाली, अगदी तळाशी, आणखी एक गोष्ट हलत होती, आणि तिची तर तिला सगळ्यात जास्त भीती वाटली: म्हातारी म्हणते काल आले होते. आज येणार आहेत. समजा, दार उघडलं आणि खरंच तेच असले तर? सायकल भिंतीला लावून, टोपी काढून, अपराधी चेहऱ्यानं म्हणाले, अगं, तो स्क्रू जरा बघायचा होता? वेडेपणा होता, तिला ठाऊक होतं, पण तिचा हात आपोआप केसांवरून फिरला. बोळातली पेटी गुणगुणत होती. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं. दाराची घंटा वाजली.

"नमस्कार! कोगुरे आलोय!"

आणि इकुएच्या तोंडून शब्द गेला, "आलात?" तामोत्सु घरी आला की इतकी वर्षं तिच्या तोंडून हाच एक शब्द जायचा, याच सुरात. तिनं तोंडावर हात दाबला. मोतेगीआजी हसल्या. "बघा, तुम्हाला पण लळा लागला!" दारात चाळिशीचा एक उंच माणूस बूट काढत होता. कोरा करकरीत कामाचा पोशाख, छातीवर सूर्याचं चिन्ह, थकलेले पण गोड डोळे. कान अगदी डोक्याला चिकटलेले. इकुएला क्षणभर त्या कानांचाच राग आला. त्यानं वाकून दोन्ही हातांनी कार्ड पुढे केलं. कार्डावर तेच नाव.

इकुए उठली. तिनं दाराची चौकट धरली. "कोगुरे तामोत्सु माझा नवरा," ती म्हणाली. "तो मेलाय. स्मशानाच्या भट्टीतून बाहेर आल्यावर त्याची हाडं मी ह्या हातानं उचललीत, लांब काड्यांनी. आधी पायांची, मग वरची. गळ्याचं हाड सगळ्यांत शेवटी, सगळ्यांच्या वर. तेव्हा नाही कापला माझा हात. आता बघा."

तिनं हात पुढे केला. तो खरंच कापत होता. मोतेगीआजींच्या हातातला ट्रे वाकडा झाला. त्यांनी एकाकडे पाहिलं, दुसरीकडे पाहिलं. "मग इतके दिवस मी चहा कुणाला पाजत होते?" त्यांनी विचारलं, आणि त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्या नुसत्या घाबरल्या होत्या.

तो माणूस भांडला नाही. त्याचा चेहराच गळून गेला. "मला ते नाव दिलं," तो म्हणाला. "म्हणाले, गिऱ्हाइकाला पाटीवरचंच नाव सांगायचं, विश्वास बसतो. मला वाटलं, असाच कुणीतरी बनवलेला माणूस असेल. आईशप्पथ, मला नव्हतं माहीत. मी सुनागा. ह्याच्या आधी मी गाद्या विकायचो." इकुएनं बोळाकडे बोट दाखवलं. "ते बंद करा." सुनागा पेटीपर्यंत गेला आणि तिथंच थांबला. "कुठलं बटण?" त्यानं विचारलं. हे त्यानं तिला विचारलं! "परवाना नाही तुमच्याकडे?" "नाही." "जोडणी कुणी केली?" "पोरं होती. कंत्राटावरची. आता कुठं आहेत कोण जाणे." मग त्यानं डोळे मिटल्यासारखं करून एक खटका ओढला, दुसरा ओढला. गुणगुण थांबली. वास तसाच होता. उलट वाढत होता, आणि आता तो वरून येत होता, छताच्या फळ्यांमागून, जिथून छपराकडची वायर खाली उतरली होती. फळ्यांमागे काहीतरी चुरचुरलं, थांबलं, परत चुरचुरलं.

"वर पण बंद करा ना," मोतेगीआजी म्हणाल्या.

सुनागाच्या कपाळावर घाम होता. "वरचं बंद होत नाही, आजी. ऊन आहे तोवर छपरावर वीज तयार होतच राहते, खाली काहीही केलं तरी. एवढं मला पाठ आहे. बॅटरी विकताना सांगतो ते आम्ही, चांगली गोष्ट म्हणून."

इकुएनं म्हातारीचं मनगट धरलं आणि ओढतच तिला बाहेर काढलं, मोज्यांवर. म्हातारी म्हणत होती, माझा चहा, माझी पासबुकं, ह्यांचा फोटो राहिला आत. फोटोसाठी ती मागे वळली तेव्हा इकुएनं तिला घट्ट मिठी मारून धरलं. तिच्या हाडकुळ्या खांद्यांचा थरकाप इकुएला स्वतःच्या छातीत जाणवला, का तो तिचाच होता कोण जाणे. वारा सुटला होता. शेजारच्या घराची भिंत हाताच्या अंतरावर, तिच्या पलीकडे दुसरं घर, तिसरं, सगळी लाकडाची. आकाशात ढगाचं बोटही नव्हतं. वळचणीच्या पत्र्याखालून धागा सुटावा तसा बारीक करडा धूर निघाला आणि वाऱ्यानं लगेच मोडला. सुनागा धावत शेजारची दारं ठोठावत सुटला. इकुएनं फोन काढला. अग्निशमनचा नंबर लागला, पलीकडून तरुण, शांत आवाज आला. पत्ता सांगितला. आत कुणी आहे का? नाही. वर सौर तावदानं आहेत? आहेत.

"वीज जोडणारा तंत्री जवळपास आहे का?" आवाजानं विचारलं. "त्याला फोनवर द्या. आमची माणसं वर चढण्याआधी वायर कुठून कशी नेलीय ते कळायला हवं. नाही तर त्यांच्याच जिवाला धोका."

इकुएनं घराकडे पाहिलं. आता सांगायचं टाळायला जागाच नव्हती. कुणी तरुण पोरं शिडी लावून त्या छपरावर चढणार होती, आणि त्यांना खालून वायर दाखवणारं कुणीच नव्हतं. तिच्या घशातून आवाज फुटला तो ओरडल्यासारखा फुटला.

"तंत्री नाही! कधीच नव्हता! पाटीवर नाव आहे तो मेलाय, वर्ष झालं. बिनपरवान्याचं काम आहे, कुठं काय जोडलंय कुणाला माहीत नाही. तुमच्या पोरांना सांगा, कशालाही हात लावू नका म्हणावं. आणि हे एकच घर नाही. ह्या नावावर झालेली सगळी घरं शोधा."

पलीकडे भराभर टंकन चालल्याचा आवाज आला. मग, "त्या मृत माणसाचा परवाना कंपनीकडे कसा गेला, काही कल्पना?"

धूर आता मोडत नव्हता. शेजारणी दारात येऊन उभ्या होत्या, तोंडावर रुमाल धरून, तिच्याकडेच बघत.

"मी दिला," इकुए म्हणाली. "कोगुरे इकुए. त्याची बायको. लिहून घ्या."